बारा आठवडे झाले, आता पुढे काय?

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे ज्यांचं हृदय शरीराला लागेल तेवढं रक्त पुरवू शकत नाही अशा पेशंटचा कार्डियाक रिहॅबचा, म्हणजे देखरेखीखालच्या व्यायामाचा, बारा आठवड्यांचा कोर्स संपतो तेव्हा सगळेच खूश असतात. पेशंट खूश, घरचे खूश, पाठवणारे डॉक्टर खूश, आणि ज्यांनी तीन महिने मागे लागून व्यायाम करून घेतला ते आम्ही फिजिओ तर सगळ्यात जास्त खूश. मग पुढच्या सहा-आठ महिन्यांत त्यातले बरेच जण हळूहळू व्यायाम सोडतात, परत खुर्चीत बसतात आणि वर्षभराने भेटतात तेव्हा ये रे माझ्या मागल्या. यावर पेशंटशी आणि घरच्यांशी नीट कोणी बोलतच नाही असं मला वाटतं, म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. मी कार्डियाक रिहॅबमध्ये काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे गोळ्यांच्या डोसबद्दल मला विचारू नका, ते तुमच्या कार्डिओलॉजिस्टनाच विचारा. पण चालणं, धाप, पायातली ताकद, भीती आणि सवय हे सगळं मी रोज जवळून बघते.

माझं म्हणणं एवढंच आहे की आजार जर आयुष्यभराचा आहे तर व्यायामही आयुष्यभराचाच पाहिजे, आणि तो आयुष्यभर चालावा याची सोय पहिल्या दिवसापासून करायला लागते. शेवटच्या सेशनला "आता घरी चालू ठेवा हं" एवढं सांगून ते होत नाही. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके आवरणारी गोळी) तीन महिने घेतलीत, छान, आता बंद करा असं कुठला डॉक्टर म्हणतो का? मग व्यायामाच्या बाबतीतच आपण कोर्स पूर्ण झाला असं का म्हणतो?

हे नीट कळायला आधी व्यायामाने नक्की काय सुधारतं ते बघायला पाहिजे, कारण इथेच बहुतेकांचा घोळ होतो. लोकांना वाटतं की व्यायामाने हृदय मजबूत होणार, म्हणजे एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ वाढणार, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा. आमच्याकडे एक काका होते, पहिल्या आठवड्यात ट्रेडमिलचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून चालायचे आणि सारखं घड्याळाकडे बघायचे. तीन महिने एकही सेशन बुडवलं नाही. शेवटी एको झाला तर ईएफ आधी ३० होता तो परत ३०च. रिपोर्ट घेऊन आले, चेहरा पडलेला, म्हणाले, "मॅडम, मग एवढा घाम गाळून उपयोग काय झाला?" मी म्हटलं, "काका, आत्ता वर कसे आलात?" म्हणाले, "जिन्याने." म्हटलं, "मध्ये कितीदा थांबलात?" काका विचार करायला लागले. मग म्हणाले, "थांबलो नाही वाटतं." आधी याच जिन्यात ते दर पाच-सहा पायऱ्यांवर कठडा धरून उभे राहायचे, आणि आता आपण थांबलो नाही हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

तर हे होतं कसं? क्रॉनिक हार्ट फेल्युअरमध्ये नुसतं हृदयच दुबळं होतं असं नाही, त्याच्यामागोमाग सगळं शरीर बदलत जातं. मांड्यांचे, पोटऱ्यांचे स्नायू बारीक होतात, न थकता बराच वेळ काम करणारे तंतू कमी होतात आणि लवकर दमणारे वाढतात, स्नायूंच्या पेशींमधले ऊर्जा तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया कमी होतात, रक्तवाहिन्या गरजेला पटकन रुंदावत नाहीत. असा दमलेला स्नायू थोड्याशा कामाने मेंदूला धोक्याचा निरोप पाठवतो आणि मेंदू श्वास वाढवतो. म्हणजे जी धाप आपण हृदयाची समजतो तिच्यातला बराच वाटा पायांचा असतो. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिल्याने स्नायू अजून बारीक होतात, आणि मग अजून कमी चालण्यात अजून जास्त दम लागतो. व्यायाम हे चक्र पायाच्या बाजूने उलटं फिरवतो, ईएफ तसाच राहिला तरी.

एकेकाळी हार्ट फेल्युअरच्या पेशंटला सरळ अंथरुणाला खिळवून ठेवायचे, आराम हाच उपचार. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यांच्या बाजूने विचार केला तर दुबळ्या हृदयाला विश्रांती द्यावी हे पटण्यासारखंच होतं. आराम किती महाग पडतो हे १९६६ मध्ये डॅलसला झालेल्या एका प्रयोगात अगदी स्पष्ट दिसलं. पाच धडधाकट तरुण, वय विशीचं, तीन आठवडे नुसते झोपून. त्यांची कामाची क्षमता इतकी घसरली की तीस वर्षांनी, पन्नाशीत, त्याच पाच जणांची परत तपासणी केली तेव्हा तीस वर्षांच्या वयवाढीपेक्षा त्या तीन आठवड्यांनी जास्त नुकसान केलं होतं असं निघालं. आणि ही निरोगी पोरं होती. ज्याचं हृदय आधीच दुबळं आहे अशा सत्तरीच्या माणसाला हॉस्पिटलमध्ये आठ-दहा दिवस झोपवून ठेवलं आणि घरी आल्यावरही "तू काही करू नकोस" म्हणून बसवून ठेवलं तर काय होत असेल याचा विचार करा. पुढे १९९० मध्ये ब्रिटनमध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्ट फेल्युअरच्या मोजक्या पेशंटना घरी सायकल चालवायला लावून सुधारणा दाखवली, आणि त्यानंतर हा स्नायूंचा विचार जोर धरत गेला.

आता मुद्द्यावर येते. स्नायूंनी कमावलेली ताकद साठवून ठेवता येत नाही, वापर थांबला की ती जायला लागते, माणूस निरोगी असो की आजारी. युरोपात स्मार्टेक्स नावाचा एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, २६१ पेशंट, त्यात जोरकस इंटरव्हल ट्रेनिंग (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ सावकाश, असं आलटून पालटून) चांगलं की मध्यम वेगाचा सलग व्यायाम चांगला हे बघायचं होतं. सगळी चर्चा त्याच्यावरच झाली (उत्तर असं आलं की इंटरव्हल काही वरचढ ठरलं नाही). पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम केल्यावर जे फायदे दिसले होते ते एक वर्षाच्या तपासणीत टिकलेले नव्हते. कुठला व्यायाम यावर आपण वाद घालत बसतो, आणि खरा प्रश्न तो व्यायाम पुढच्या वर्षी चालू आहे का हा असतो.

यातला सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे एचएफ-ॲक्शन, २००९ चा. अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधले २३३१ पेशंट, सगळ्यांचा ईएफ ३५ किंवा त्याहून कमी. व्यायामाच्या गटाला आधी ३६ सेशन देखरेखीखाली, नंतर घरी, आणि घरी करायला ट्रेडमिल किंवा सायकलसुद्धा अभ्यासातर्फेच दिलेली. म्हणजे साधन नाही, जागा नाही ही कारणं बरीचशी बाद. तरीसुद्धा चौथ्या ते सहाव्या महिन्यात लोक आठवड्याला साधारण ९५ मिनिटं व्यायाम करत होते आणि दहाव्या ते बाराव्या महिन्यापर्यंत ते ७४ मिनिटांवर आलं. मृत्यू किंवा हॉस्पिटलमध्ये भरती यांचा एकत्र आकडा व्यायामाच्या गटात ६५ टक्के आणि नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात ६८ टक्के, फरक अगदी थोडा, तोही संख्याशास्त्राच्या कसोटीवर सरळ उतरला नाही, पेशंटच्या मूळ तब्येतीतले फरक धरून हिशोब केल्यावरच तो दिसला. काही लोक यावरून म्हणतात की बघा, व्यायामाने काही होत नाही. मी म्हणते की जो व्यायाम निम्म्याहून जास्त लोकांनी ठरल्याएवढा केलाच नाही त्याचा निकाल असाच लागणार. त्याच अभ्यासाच्या पुढच्या विश्लेषणात ज्यांनी मध्यम प्रमाणात का होईना पण नियमित व्यायाम केला त्यांचा धोका कमी दिसला. आता हे खरं की जो माणूस मुळात जरा बरा आहे तोच जास्त व्यायाम करू शकतो, म्हणून यातून छातीठोक निष्कर्ष काढता येत नाही, पण दुर्लक्ष करण्यासारखंही ते नाही.

आणि मग इटलीतल्या बेलार्डिनेली यांचं काम आहे, मी नवीन मुलांना शिकवताना हे हमखास सांगते. १२३ पेशंट, आणि तब्बल दहा वर्षं. आठवड्यातून दोनदा, मध्यम जोराचा व्यायाम, देखरेखीखाली, वर्षानुवर्षं. २०१२ मध्ये निकाल आला तेव्हा व्यायाम करणाऱ्यांची क्षमता दहा वर्षं टिकून राहिलेली होती, न करणाऱ्यांची घसरत गेली होती, आणि करणाऱ्यांमध्ये हॉस्पिटलच्या भरती आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू दोन्ही कमी होते. अभ्यास छोटा आहे, एकाच ठिकाणचा आहे, मान्य. पण दहा वर्षं व्यायाम टिकू शकतो हे तर त्यांनी करून दाखवलं ना. कशामुळे टिकला, तर आठवड्यातून दोनदा जायला एक ठरलेली जागा होती, ओळखीची माणसं होती आणि लक्ष ठेवणारं कोणीतरी होतं. ट्रेडमिल घरात आणून ठेवल्याने जे झालं नाही ते यामुळे झालं, असं माझं मत आहे.

एक गोष्ट सरळ सांगते कारण खोटी आशा दाखवणं मला पटत नाही. रिहॅबमुळे आयुष्य वाढतंच असं ठामपणे म्हणता येत नाही. २०१९ च्या कोक्रेन आढाव्यात (कोक्रेन ही एकाच विषयावरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ४४ अभ्यास आणि ५७८३ पेशंट एकत्र करून बघितले, त्यात वर्षभराच्या आतल्या मृत्यूंमध्ये स्पष्ट फरक दिसला नाही. पण हॉस्पिटलच्या भरती कमी झाल्या, आणि रोजचं जगणं सुधारलं. ज्यांच्या घरात हार्ट फेल्युअरचं माणूस आहे त्यांना भरती कमी होणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. रात्री उशांचा ढीग करून बसून काढलेली झोप, पहाटेची धावपळ, परत ते ऑक्सिजनचं नळकांडं, आणि दर भरतीनंतर माणूस आधीपेक्षा थोडा खालीच येऊन थांबतो.

बरं मग दीर्घकाळ व्यायाम म्हणजे करायचं तरी काय, तर ते फार अवघड नसतं, आणि अवघड नसावंच. चालणं किंवा सायकल हा मुख्य भाग, आठवड्यातले बहुतेक दिवस. सुरुवातीला पाच मिनिटंच जमत असतील तर पाच मिनिटं चालायचं, बसायचं, परत पाच मिनिटं. आधी वेळ वाढवायची, वेग नंतर. किती जोर लावायचा हे बरेच जण नाडीवरून किंवा घड्याळातल्या हार्ट रेटवरून ठरवायला जातात, पण हार्ट फेल्युअरचे बहुतेक पेशंट बीटा ब्लॉकरवर असतात आणि त्या गोळीने हृदयाचे ठोके मुळातच दाबलेले असतात, म्हणून नेटवरचे "२२० वजा वय" वगैरे हिशोब इथे चालत नाहीत. आम्ही बोर्ग स्केल वापरतो, ६ ते २० आकडे, ६ म्हणजे काहीच कष्ट नाहीत आणि २० म्हणजे याच्या पुढे शक्यच नाही, आणि स्थिर पेशंटला साधारण ११ ते १४ च्या दरम्यान राहायला सांगतो. आकडे लक्षात राहत नसतील तर बोलून बघायचं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा जोर ठीक. दोन शब्दांवर श्वास तुटतोय तर वेग कमी करा.

वॉर्मअप आणि कूलडाऊन हे दोन्ही लोक सगळ्यात आधी कापतात, वेळ वाचवायला. कृपा करून कापू नका. दुबळं हृदय आणि आखडलेल्या रक्तवाहिन्या यांना वेग पकडायला वेळ लागतो म्हणून सुरुवात सावकाश, आणि एकदम थांबलात तर रक्त पायांत साचतं, बीपी खाली जातं, त्यात बीपी कमी करणाऱ्या आणि पाण्याच्या (अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढणाऱ्या) गोळ्या चालू असतात, चक्कर येते, माणूस पडतो. शेवटची पाच-दहा मिनिटं हळू हळू चालायचं, ती व्यायामातच धरायची.

ताकदीचे व्यायाम पूर्वी हार्टच्या लोकांना वर्ज्य समजायचे, आता तसं नाही. हलकं वजन, जास्त वेळा, श्वास न कोंडता, जोर लावताना श्वास बाहेर. मला विचाराल तर एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं निवडेन. बिछान्यातून उठणं, बाथरूममधून उठणं, गाडीतून उतरणं, म्हातारपणी माणूस कोणावर किती अवलंबून राहणार हे या एका हालचालीवर ठरतं. पहिल्या दिवशी उशी टाकून उंच केलेल्या खुर्चीतून सुद्धा दोनदा उठता येत नव्हतं आणि नंतर साध्या खुर्चीतून सलग दहा वेळा उठतायत, असं बघितलं की मला त्या ईएफच्या आकड्याचं काही वाटेनासं होतं. ज्यांचे श्वासाचे स्नायू दुबळे आहेत त्यांना श्वास आत ओढताना अडथळा देणारं एक छोटं उपकरण मिळतं, त्याचाही उपयोग होतो, पण तपासून घेऊन, आपल्या मनाने आणून नको.

ज्यांच्या छातीत शॉक देणारं मशीन, म्हणजे आयसीडी, बसवलंय त्यांच्या मनात मोठी भीती असते की जोरात चाललो आणि मशीनने चुकून शॉक दिला तर? भीती रास्त आहे आणि तिच्यावर उत्तरही आहे. मशीन कोणत्या ठोक्याला शॉक द्यायचं ठरवतं तो आकडा मशीन तपासणाऱ्या टीमकडून लेखी घ्यायचा आणि व्यायामात त्याच्या किमान १० ठोके खाली राहायचं. आम्हाला हा आकडा माहीत असल्याशिवाय आम्ही सुरुवातच करत नाही, तुम्ही पण करू नका.

आता कधी करायचं नाही तेही सांगते, कारण दीर्घकाळ व्यायाम चालू ठेवणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त उपयोगी ज्ञान हेच आहे. आमच्या एक मावशी, अगदी नियमित, एक दिवस आल्या आणि म्हणाल्या, "आज जरा पाय जड वाटतायत गं, पण चालले की होईल मोकळं." मी मोजा खाली करायला सांगितला तर घोट्यावर इलॅस्टिकची खोल खाच उमटलेली, आणि वर बोटाने दाबलं तर खड्डा पडून तसाच राहिला. वजनाची वही बघितली तर तीन दिवसांत दोन किलोच्या वर वाढ, म्हणजे अंगात पाणी साचत होतं. मावशींना वजन लिहायची सवय होती पण लिहिलेलं बघायची नव्हती, बऱ्याच जणांचं असंच होतं. त्या दिवशी सेशन झालं नाही, डॉक्टरांना फोन लावला, पाण्याच्या गोळीचा डोस त्यांनी बदलला, आणि थोड्या दिवसांत मावशी परत ट्रेडमिलवर. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं, लिहायचं आणि मागच्या तीन दिवसांशी ताडून बघायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढ, पायांवर नवीन सूज, सपाट झोपलं की दम लागणं, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, चक्कर, ठोके सैरभैर होणं, यातलं काही असलं तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. आणि छातीतलं दुखणं थांबत नसेल किंवा शुद्ध हरपली तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सी. ताप असेल, जुलाब-उलट्या चालू असतील तरी सुट्टी घ्यायची. व्यायामाच्या आड येतं म्हणून हे लपवणारे पेशंट असतात, मला त्यांची चिकाटी कळते पण लपवू नका हो, आम्ही तुम्हाला कायमचं थांबवायला बसलेलो नाही.

आणि भरती झालीच तर? दीर्घकाळच्या आजारात मध्ये कधीतरी भरती होणारच हे गृहीत धरून चालावं लागतं, आणि माझ्या बघण्यात लोक व्यायाम सोडतात ते बहुतेक याच वळणावर. एवढं सगळं करून परत हॉस्पिटलमध्ये आलो, मग कशाला करायचं, अशी निराशा येते आणि माणूस हातपाय गाळून बसतो. पण डिस्चार्जनंतरचे आठवडे हेच खरं तर रिहॅबची सगळ्यात जास्त गरज असलेले. २०२१ मध्ये रिहॅब-एचएफ नावाचा अभ्यास आला, ३४९ वयस्क पेशंट, हार्ट फेल्युअर बळावून नुकतेच भरती झालेले. त्यांना हॉस्पिटलमध्ये असतानाच तोल, ताकद, हालचाल आणि दम अशा चारही अंगांनी व्यायाम सुरू केला, प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे, आणि घरी गेल्यावर पुढे चालू ठेवला. तीन महिन्यांनी शारीरिक क्षमतेच्या १२ पैकी गुणांमध्ये त्यांना सरासरी ८.३ मिळाले आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना ६.९. सहा महिन्यांतल्या परत भरती होण्यात फरक पडला नाही, तेही सांगायला पाहिजे. पण वयस्क माणसासाठी या गुणांमधला एवढा फरक म्हणजे आधाराशिवाय घरात वावरता येणं की न येणं, असा असू शकतो. भरतीनंतर परत येताना जिथे सोडलं तिथून सुरुवात करायची नाही, बरंच खालून करायची, आणि आधीच्या आकड्यांशी तुलना काही दिवस तरी करायची नाही.

घरच्यांबद्दल थोडं बोलायचंय. व्यायाम बंद पडण्यात प्रेमाचा वाटा फार मोठा असतो. "बाबा तुम्ही बसा, मी आणतो." "आई, तू उठू नकोस गं." दिवसभरात असं वीस वेळा झालं की त्या माणसाचं उठणंच बंद होतं, आणि त्याला हळूहळू स्वतःलाही खात्री वाटायला लागते की आपल्याला झेपणार नाही. म्हणून मी नातेवाइकांना एखाद्या सेशनला आत बसवते. आपल्या वडिलांना धाप लागते आणि मग थांबल्यावर ती दोन मिनिटांत खाली बसते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की त्यांची भीती जेवढी कमी होते तेवढी माझ्या सांगण्याने कधीच होत नाही. धाप लागणं म्हणजे नेहमी धोकाच असं नसतं, व्यायामाची धाप थांबलं की उतरते, आणि थांबूनही न उतरणारी धाप ही वेगळी, ती दाखवायलाच पाहिजे. हा फरक घरातल्या प्रत्येकाला कळला पाहिजे. हार्ट फेल्युअरमध्ये उदासपणा खूप जणांना येतो, काही जणांचं सरळ डिप्रेशन असतं, आणि व्यायामाने त्यात थोडी सुधारणा होते हे एचएफ-ॲक्शनमध्येही दिसलं होतं. थोडीच, पण ज्याला सकाळी उठावंसंच वाटत नाही त्याच्यासाठी थोडीही मोठी असते. त्यापुढे मदत लागली तर ती घ्यायची, त्यात लाज कसली.

ज्यांचा ईएफ नॉर्मल आहे पण हृदय ताठर झालंय अशा पेशंटचं मला वेगळं वाईट वाटतं. यात वयस्क बायका खूप असतात. एको बघून "पंपिंग तर चांगलं आहे" असं ऐकून त्या घरी जातात आणि धाप वयावर किंवा वजनावर ढकलली जाते. व्यायामाने यांचीही क्षमता वाढते, मग त्यांना रिहॅबला पाठवायला काय हरकत आहे? अमेरिकेत सरकारी मेडिकेअर विम्याने २०१४ मध्ये हार्ट फेल्युअरच्या रिहॅबला पैसे द्यायला सुरुवात केली ती ३५ किंवा कमी ईएफवाल्यांसाठी, म्हणजे ताठर हृदयवाले तिथेही बाहेरच राहिले.

ज्यांना सेंटरला येणं शक्य नाही, लांब राहतात, सोबत यायला कोणी नाही, त्यांच्यासाठी घरच्या घरी करायचे कार्यक्रम असतात आणि ते दुय्यम समजू नयेत. ब्रिटनमध्ये रीच-एचएफ नावाचा कार्यक्रम तपासला, २१६ पेशंट, घरी वापरायची पुस्तिका, व्यायाम, घरच्या माणसासाठी वेगळी माहिती, आणि मध्ये मध्ये भेटणारा, फोन करणारा प्रशिक्षित माणूस. वर्षभरानंतरही त्यांच्या जगण्याचा दर्जा नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा चांगला होता. मला यात त्या फोन करणाऱ्या माणसाचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं.

म्हणून मला काय व्हायला हवंय ते सांगते. रिहॅबच्या पहिल्याच आठवड्यात पेशंटला विचारायचं की हे संपल्यावर कुठे, कोणाबरोबर आणि कुठल्या वेळेला करणार, आणि उत्तर नसेल तर ते शोधणं हा कोर्सचाच भाग समजायचा. शेवटच्या महिन्यात सेंटरमधली सेशन कमी करून घरची वाढवायची, म्हणजे एकदम दोर कापल्यासारखं होत नाही. सहा मिनिटं चालण्याची चाचणी, तीस मीटरच्या पॅसेजमध्ये सहा मिनिटांत किती मीटर होतात ती, कोर्सच्या शेवटी करून फाइल बंद करायची नाही, दर सहा महिन्यांनी परत करायची. आपलं चालणं ४० मीटरने कमी झालंय हे कागदावर दिसलं की लोक परत येतात, मी बघितलंय. आणि कार्डिओलॉजिस्ट मंडळींना हात जोडून विनंती आहे, ओपीडीत गोळ्या विचारता तसंच "आठवड्याला किती मिनिटं चालता" हेही विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहा. तुम्ही विचारलंत याचं पेशंटवर जे वजन पडतं ते आमच्या दहा सेशननी पडत नाही.

पेशंट किंवा घरचे हे वाचत असतील तर पुढच्या व्हिजिटला तीन गोष्टी विचारून या: मला रिहॅबला पाठवता येईल का, माझ्यासाठी व्यायामाची मर्यादा काय, आणि माझी चालण्याची चाचणी परत कधी करायची. तिसऱ्याचं उत्तर तारखेसकट घ्या, "बघू नंतर" चालणार नाही.